सात पेडल, एक खोडरबर

आईच्या काळज्यांना घरात ठरलेल्या जागा होत्या. लेक वेळेवर जेवते की नाही, ही रोजची; ती कायम हाताशी असे. हार्पची तार तुटून तिच्या डोळ्याला लागली तर, ही आठवड्यातून दोनदा निघे. एवढं मोठं धूड उजव्या खांद्यावर रेलून घेऊन पोरीची पाठ वाकडी होणार, ही नातेवाईक आले की बाहेर काढायची. पण मंगळवारी संध्याकाळी एक नवीच काळजी घरात शिरली आणि तिला ठेवायला जागाच सापडेना. भिंगरीने परगावाहून फोनवर विचारलं होतं, "आई, माझ्या पेन्सिलीच्या खुणा झेरॉक्समध्ये नीट उठल्या ना गं?" आणि आई म्हणाली होती, "हो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. खरं तर एकही खूण उठली नव्हती. उठणार कुठून? झेरॉक्स काढायच्या आधी आईने त्या एकूण एक खोडून टाकल्या होत्या.

भिंगरी ही तिची एकुलती एक मुलगी. वय एकतीस, व्यवसाय हार्प वाजवणे. कुठल्याही फॉर्मवर हे लिहिलं की समोरचा माणूस मान वर करून विचारतो, "बरं, आणि नोकरी?"

सहाव्या वर्षी तिला वरच्या मजल्यावरच्या पियानोबाईंकडे शिकायला घातलं होतं. तिला पियानोपेक्षा त्याच्यापुढचं गोल फिरणारं स्टूल जास्त आवडलं. बाई चहा टाकायला आत गेल्या की ही स्टुलावर गरागरा फिरायची. फिरता फिरता स्टूल वर चढत गेलं आणि एक दिवस बुडातून सुटून खाली आलं, हिच्यासकट. तेव्हापासून ती भिंगरी. पण बोटं चांगली होती, हे पियानोबाईंनाही कबूल करावं लागलं. गावातल्या एकमेव संगीतकाराने (त्याचं नाव एका गल्लीला दिलं आहे, ती पुढे बंद होते) शिकणाऱ्या मुलांसाठी पियानोच्या बारा छोट्या रचना लिहून ठेवल्या होत्या. 'शिडी', 'मिटलेली छत्री', 'शेजाऱ्यांचं घड्याळ' अशी त्यांची नावं. त्यातली सातवी 'गळका नळ'. एकच सूर टप, टप, टप, आणि त्याच्याभोवती घरातले बाकीचे आवाज. भिंगरी वर ती वाजवायची तेव्हा खाली स्वयंपाकघरात आई दोनदा उठून नळ घट्ट करून आली होती. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याकडून नळाचा वायसर बदलून घेतला.

नवव्या वर्षी भिंगरीच्या उजव्या हाताची करंगळी लोखंडी कपाटाच्या दारात सापडली. दार वाऱ्याने मिटलं, असं घरात ठरलेलं आहे. खिडक्या बंद असताना वारा आला कुठून, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. आणि उघडं कपाट आईला बघवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बोट वाचलं, पण वाकेनासं झालं. पियानोबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि दुकानदार फाटकी नोट परत करतो तसा पोरीचा हात परत केला. म्हणाल्या, "नऊ बोटांचा पियानो मी शिकवत नाही."

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्याच सुमारास संगीत विद्यालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक हार्प आणि हार्पच्या मागे चेपलेल्या एक शिक्षिका. त्यांना बाहेर काढायला दीड तास लागला. तेवढा वेळ बाबा फटीतून त्यांच्याशी गप्पा मारत होते. घरी आले ते बूटही न काढता म्हणाले, "अगं, त्या वाद्याला आठच बोटं लागतात! करंगळी कोणी वापरतच नाही. म्हणजे आपल्या पोरीकडे उलट एक जास्तच आहे."

असा हार्प घरात आला, आणि मग घर हार्पच्या मागे फिरायला लागलं. नाकापेक्षा मोती जड. नवीन जागा बघायला गेलं की लोक पाणी किती वेळ येतं ते विचारतात. हे कुटुंब खिशातून टेप काढून लिफ्टचं दार मोजायचं. एकदा एका मुलाला भिंगरी आवडली होती. चांगला होता, चष्म्याचा होता. त्याने प्रेमापोटी एक दिवस, लिफ्ट बंद असताना, हार्प तीन जिने खाली नेऊन दिला. तो पुन्हा वर आला नाही.

आता ती स्वतंत्र खोली घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि मिळेल तिथे वाजवत होती. सध्या परगावी एका नव्या हॉटेलच्या दिवाणखान्यात दहा दिवसांचं काम होतं, रोज संध्याकाळी सहापासून. मॅनेजरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, वाजवा, पण जरा हळू. आपल्या कारंज्याचा आवाज पाहुण्यांना ऐकू आला पाहिजे."

पण गेली दीड वर्षं तिचं खरं काम वेगळंच चाललं होतं. संगीतकाराला जाऊन पन्नास वर्षं होणार म्हणून गावात एक स्मृती मंडळ स्थापन झालं होतं, आणि त्या मंडळासाठी भिंगरी त्या बाराही रचना हार्पवर बसवत होती. एकट्या हार्पसाठी, दुसरं वाद्य नाही. त्याचं पुस्तक निघणार होतं. पहिल्या पानावर संगीतकाराचं नाव आणि त्याखाली, बारीक टाइपात का होईना, तिचं.

आईला सुरुवातीला वाटलं होतं, यात काय एवढं? इकडचं तिकडे उतरवून काढायचं. तसं ती बोललीही.

"आई," भिंगरी म्हणाली, "तुम्ही त्या मोठ्या घरातून इकडे राहायला आलात, तेव्हा सगळं सामान मावलं?"

"नाही. तुझ्या बाबांची तीन खोकी मी टाकून दिली."

"विचारून?"

"विचारलं असतं तर टाकता आली असती का?"

"मी विचारून टाकते," भिंगरी म्हणाली. "एकेक सूर उचलते आणि त्याला विचारते, तू गेलास तर कोणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल?"

असे विचारून विचारून तिने बरेच सूर काढले आणि पहिली प्रत मंडळाला दिली. मंडळाचं उत्तर दोन महिन्यांनी आलं, शिक्क्यासह. मूळ रचनांत एकूण चार हजार एकशे बारा सूर असून रूपांतरात तीन हजार सहाशे चाळीसच आढळतात, तरी उर्वरित चारशे बहात्तर सुरांबाबत खुलासा व्हावा. 'गळका नळ' हे शीर्षक मंडळाच्या प्रतिष्ठेस शोभत नसल्याने त्याऐवजी 'जलबिंदू' करता येईल का, ते कळवावे. आणि शेवटी, पानांवर अनावश्यक खुणा आढळल्या; स्वच्छ प्रत सादर करावी.

भिंगरीने तिथल्या तिथे खुलासा लिहिला: 'संगीतकारांना दहा बोटं होती, हार्पला आठ लागतात. फरक आपण मोजलेला आहेच. जलबिंदूला प्लंबर लागत नाही, सबब शीर्षक तेच राहील.' आईने तो कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि सरकारी भाषेत नव्याने लिहिला: 'सदर सूर वगळण्यात आले असले तरी त्यांच्याविषयीचा आदर कायम आहे.' मंडळाचं समाधान झालं. नळसुद्धा वाचला. राहिल्या त्या अनावश्यक खुणा. पहिल्या प्रतीवर कपाच्या बुडाचे तीन गोल आणि एका मांजराचं चित्र होतं. मंडळाला तेच खटकलं असणार, असं भिंगरी धरून चालली. तिने सगळं पुन्हा सुवाच्य उतरवलं आणि हॉटेलच्या कामाला जाताना फाइल आईच्या हातात दिली.

"फक्त तीन झेरॉक्स काढ आणि नेऊन दे. बाकी काही करू नकोस."

आता 'बाकी काही करू नकोस' हे ज्या बाईला सांगितलं, ती एकतीस वर्षं नोंदणी कार्यालयात तपासनीस होती. तिथला पहिला नियम असा की पेन्सिलीतलं काही बाहेर जाता कामा नये. शाईत असेल ते खरं, पेन्सिलीत असेल ते कोणाच्या तरी मनातलं. आई निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं होतं, "बाईंच्या टेबलावरून पेन्सिलीची रेघ कधी जिवंत गेली नाही." टाळ्या पडल्या होत्या. आईने ते वाक्य एका कागदावर लिहून ठेवलं होतं. शाईने.

शुक्रवारी दुपारी तिने फाइल उघडली. वरच्या ओळींत शाईचे सूर, मोत्यासारखे. आणि खाली, जवळजवळ प्रत्येक ओळीखाली, पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा. कुठे एखादं अक्षर, कुठे आडव्या रेघेवर सात उभे फटकारे, थोडे वर, थोडे खाली, मोडक्या कुंपणासारखे. सुरांच्या कडेलाही पेन्सिलीचीच बारीक चिन्हं. कच्चं काम, आई मनात म्हणाली. पोरगी दमली असेल, पुसायचं राहून गेलं. मंडळाने तर लेखी कळवलं होतं, अनावश्यक खुणा नकोत. पुन्हा दोन महिने घोंगडं भिजत पडायचं.

तिने कपाटातून मऊ पांढरा खोडरबर काढला, जो तिने निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता, आणि बसली. सगळी मिळून अडतीस पानं. साडेचार तास लागले. शाईला कुठे धक्का नाही, कागदाला कुठे चुरगळा नाही. शेवटी टेबलावर रबराचा चुरा एवढा साठला की तो तिने दोन ओंजळींत भरून टाकला. एवढं छान तिला निवृत्तीनंतर कधीच वाटलं नव्हतं.

शनिवारी तिने तीन झेरॉक्स मंडळात दिल्या. कार्यवाहांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि उठून उभे राहिले. "बाई, याला म्हणतात प्रत!"

मग मंगळवारी तो फोन आला.

फोन ठेवून आई वळली. बाबा समोर बसून एक जुनं लिफ्टचं बटण साफ करत होते. तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तिच्या त्या कागदांवर खाली पेन्सिलीत बारीक रेघा असतात ना, त्या कशाच्या हो?"

"मजले," बाबा म्हणाले.

"नीट सांगा."

"नीटच सांगतोय. हार्पला खाली सात पेडल असतात की नाही? डाव्या पायाला तीन, उजव्या पायाला चार. एकेका सुराला एकेक पेडल, आणि प्रत्येक पेडलला तीन खाचा. वरच्या खाचेत सूर कोमल, मधल्या खाचेत शुद्ध, खालच्या खाचेत तीव्र. म्हणजे सात लिफ्ट, तीन तीन मजले. वाजवताना ती पायाने सारखी हलवत असते. कुठली कधी कुठे थांबवायची, ते त्या रेघांत लिहिलेलं असतं."

"पण मग सूर वर शाईत लिहिलेत ते?"

"ती नुसती तार. कुठली तार छेडायची, एवढंच. तिच्या हार्पच्या बाईंची पद्धत आहे ती. तार शाईत, कोमल-तीव्र पेन्सिलीत; कारण पायांचं शेवटपर्यंत बदलत राहतं. का गं?"

आईची नजर कपाटाकडे गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे तर भर दिवाणखान्यात ट्यूबलाइट होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"सगळ्या?"

"अडतीस पानं."

बाबांनी बटण खाली ठेवलं. "म्हणजे लिफ्ट कुठली ते ठेवलंस," ते सावकाश म्हणाले, "आणि मजला पुसलास."

"मला काय माहीत! मला कोणी कधी सांगितलंय का?"

"इतकी वर्षं ती आपल्या घरात पाय आपटत होती. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, ताल धरते!"

त्यावर दोघांनाही हसू यायला हरकत नव्हती, पण आलं नाही. मग आईने विचारलं, त्या नळाचं काय होईल. बाबांनी सांगितलं, कारण भिंगरीने ते त्यांना पायांसकट करून दाखवलं होतं. पियानोवर एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली की झालं. हार्पवर तीच तार लगेच पुन्हा छेडायला गेलं की बोट लागताच आधीचा आवाज मरतो. टप ऐवजी नुसतं खट्. म्हणून ती शेजारशेजारच्या दोन तारा घेते. खालची पेडलने तीव्र करते, वरची कोमल, की दोन्ही बरोबर एकाच सुरावर येतात. मग एकदा ही तार, एकदा ती. ऐकणाऱ्याला एकच थेंब.

"आणि खुणा नसल्या तर?"

"तर दोन तारा, दोन सूर. खालचा, वरचा, खालचा, वरचा." बाबांनी तोंडाने करून दाखवलं. तो नळ नव्हता. ती रुग्णवाहिका होती.

बुधवारी सकाळी मंडळ उघडायच्या आधी आई दारात हजर. मंडळाची खोली वाचनालयाच्या वर होती. भिंतीवर संगीतकाराचा फोटो, फोटोखाली त्याचाच पियानो, पियानोवर कुंड्या. पियानोची किल्ली हरवून बरीच वर्षं झाली होती, आणि ती शोधण्यासाठी एक उपसमिती होती.

"या बाई!" कार्यवाह म्हणाले. "तुमच्या मुलीची पानं बघितली आणि डोळे निवले. तज्ज्ञ समितीने एकमताने मंजूर केलीत. उद्या दहा वाजता छापखान्यात."

"समितीत कोण कोण आहे?"

"मी. खजिनदार डॉक्टर, ते दातांचे. आणि तिसरी जागा संगीतातल्या माणसासाठी राखून ठेवली आहे."

"त्यात जरा दुरुस्ती करायची होती."

"दुरुस्ती?" कार्यवाहांचा चेहरा पडला. "कशाला? बाई, त्यात चूक नाही. त्यात काहीच नाही!"

"तेच," आई म्हणाली. "तेच सांगायला आलेय."

तिने खुणांचं सांगितलं. कुणी पुसल्या, ते मात्र सांगितलं नाही. 'पुसल्या गेल्या' म्हणाली. कार्यवाहांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"हे बघा, तुम्ही कचेरीतल्या. तुमच्याशी मोकळं बोलतो. या गावात हार्पवाले किती? एक तुमची मुलगी. दुसऱ्या तिच्या म्हाताऱ्या बाई, त्यांना आता दिसत नाही. पुस्तक निघतं, पाहुण्यांच्या हातात जातं, पाहुण्यांच्या कपाटात जातं. तिथे त्याला वाजवायला कोण येणार आहे? कशाला उगाच स्वच्छ प्रतीवर पुन्हा चिखल?"

आईला ते पटलं, हीच तर पंचाईत होती. बाहेर एकही माणूस विचारणार नव्हता. विचारणारी एकच होती, आणि तिला आईने 'हो' म्हणून सांगितलं होतं.

"तरीपण," ती म्हणाली.

कार्यवाहांनी सुस्कारा सोडून ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढला. दुरुस्त पानं उद्या दहाच्या आत, सोबत हा अर्ज. त्यात रकाने होते. काय चुकलं. कसं चुकलं. चौथा रकाना: चूक कोणाकडून झाली. आईने आयुष्यभर हा रकाना दुसऱ्यांकडून भरून घेतला होता. तो कोरा असताना केवढा मोठा दिसतो, हे तिने कधी बघितलं नव्हतं. अर्ज घडी करून पर्समध्ये टाकून ती निघाली.

घरी येऊन तिने मूळ पानं टेबलावर पसरली. बाबा म्हणाले, "आता काय बघतेस? छान पुसलंयस." आणि ते ऐकताना तिला आपलं जुनं कसब आठवलं. नोंदणी कार्यालयात कोणी रजिस्टरमध्ये खाडाखोड करून आणलं की ती ते पान डोळ्यांच्या रेषेत, खिडकीकडे तिरपं धरायची. रबराने शिसं निघतं, दाब निघत नाही. कागद सगळं लक्षात ठेवतो. कित्येक हुशार माणसांना तिने असं पकडून दिलं होतं.

"तुमचा तो टॉर्च आणा," ती म्हणाली. "लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा."

पडदे ओढले. बाबांनी टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला, आणि पांढऱ्याशुभ्र कागदावर, शेतात पहाटे सऱ्या दिसाव्यात तसं, ते मोडकं कुंपण उभं राहिलं. आई भिंगातून वाचायला लागली. "पहिला वर. दुसरा मध्ये. तिसरा मध्ये. मग मोठी रेघ."

"मोठ्या रेघेच्या अलीकडे डावा पाय, पलीकडे उजवा. पुढे बोल."

"वर, वर, मध्ये, खाली."

"खाली नसेल. मागच्या ओळीत मध्ये होता. एवढ्यात पाय तिकडे पोचायचा नाही तिचा."

"तुम्ही वाजवता की ती?"

"मी दुरुस्त केलेत ते पेडल. बघ पुन्हा."

आईने पुन्हा बघितलं. मध्येच होता. ती उतरवून घेऊ लागली, या खेपेला शाईने. शिडी झाली, छत्री झाली, घड्याळाने तासभर खाल्ला. चहा गार झाला, तो तसाच प्याले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांचं एवढं ऐकून घ्यायची वेळ याआधी आली नव्हती. पावणेपाचला अकरा रचना पुऱ्या झाल्या. उरला तो नळ. तो दोघांनीही, न ठरवता, शेवटी ठेवला होता.

टॉर्च आडवा धरला आणि आई भिंगावर वाकली ती वाकलेलीच राहिली.

"बोल ना," बाबा म्हणाले.

"एकच नाहीये."

त्या ओळींखाली कुंपणावर कुंपण होतं. भिंगरीने लिहिलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. स्वच्छ प्रतीवरसुद्धा. आईने मोजायचा प्रयत्न केला. पहिल्या ओळीखाली सहा थर, कदाचित सात. कागद तिथे धुवून धुवून मऊ झालेल्या कापडासारखा लागत होता. कुठे खालची तार तीव्र, कुठे ते मोडून दुसरीच जोडी, कुठे जोरात, कुठे इतकं हलक्या हाताने की नुसता भास. दोन मिनिटांची रचना. एका थेंबासाठी पोरगी किती वेळा उठली आणि बसली होती, ते सगळं त्या कागदात होतं. आणि आईने त्याला कच्चं काम म्हटलं होतं.

"यातली शेवटची कुठली?"

"सगळ्यात खोल असेल ती?" बाबा म्हणाले, आणि लगेच त्यांनीच मान हलवली. "नाही. खोल ती शेवटची असं नाही. ती रागाने लिहिलेली असेल."

"अंदाजाने टाकू?"

"टाक. सातात एक."

आईने पेन उचललं आणि ठेवलं. नळ गाळून अकराच रचना द्याव्यात, हाही विचार येऊन गेला. पण मंडळाला दुसरं काही येत नसलं तरी मोजता येत होतं.

सव्वापाच झाले. सहाला भिंगरी कारंज्याशेजारी बसणार, मग चार तास ती कुणाला सापडणार नव्हती, आणि सकाळी दहाला छापखाना. आईने फोन जवळ ओढला आणि मनातल्या मनात सुरुवात करून बघितली. 'काय गं, जेवलीस का? सहज आठवलं, तुझ्या त्या नळाला पेडल कुठली असतात?' भिंगरीने सांगितलं असतं. तिला विचारलेलं आवडलंच असतं. काम झालं असतं, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आईचा हात धरणारं या घरात कोणी नव्हतं.

"मी करू का फोन?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही लिफ्टचं सांगत बसाल."

"मग काय सांगणार आहेस?"

आईने पर्समधून मंडळाचा अर्ज काढला, घडी उलगडली, आणि चौथ्या रकान्यात, चूक कोणाकडून झाली, तिथे आपलं नाव लिहिलं. मग एक कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं, कारण भिंगरी सांगता सांगता बदलेल हे आता तिला कळलं होतं, आणि खोडरबर नवऱ्याच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ठेवा. मागितला तरी देऊ नका."

पहिलं वाक्य पक्कं होतं: खुणा मी पुसल्या. दुसरं वाक्य कपाटाबद्दलचं होतं, बावीस वर्षांपूर्वीचं, त्यात वारा नव्हता. ते आज निघतं की नाही, हे पहिल्यावर भिंगरी काय म्हणते त्यावर होतं. आईने चष्मा सारखा केला आणि नंबर लावायला घेतला.